बंद यंत्रातल्या अकरा घटना

लिफ्ट आपणहून वर येऊ लागली तेव्हा कंट्रोल रूममध्ये चौथी एकटीच होती, आणि तिच्यापुढच्या यादीप्रमाणे खाली गुहेत एकही माणूस नव्हता.

मंगळवार, सकाळचे साडेदहा. बाहेर धुकं असं चिकटून बसलं होतं की काचांना कुणी पांढरा रंग देऊन गेलंय असं वाटावं. कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्टचे आकडे बदलत होते... उणे शंभर, उणे ऐंशी, उणे साठ... शंभर मीटर खोलीवरून काहीतरी वर येत होतं आणि त्याला घाई नव्हती. चौथीने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. भूत असलंच तर त्याच्यापुढे रिकाम्या हाताने उभं राहू नये, असा काहीसा विचार तिने केला असावा. विचारलं तर ती कबूल करणार नाही.

दार उघडलं. आत एक उंच तरुण उभा. डोक्याला हेल्मेट, हातात पाना, गुडघ्यापर्यंत चिंब.

"तुम्ही कोण?"

"पाणी," तो म्हणाला.

"ते दिसतंय. माणूस म्हणून कोण?"

"कूलिंग विभाग. तुमच्या डिटेक्टरला थंड ठेवणारं पाणी मी बघतो. एक व्हॉल्व्ह गळत होता."

"माझ्या यादीत तुम्ही नाही."

"पाण्याची यादी वेगळी असते. तळमजल्यावर."

"म्हणजे खाली माणूस आहे हे वर कुणाला कळतच नाही?"

"आता कळलं की." त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. कप खांद्याच्या उंचीला आला होता. "ते मला द्यायला धरलंय, की मारायला?"

चौथीने कप खाली घेतला. कॉफी त्याला दिली नाही, पण मारलीही नाही. पहिल्या भेटीत एवढं पुष्कळ झालं.

चौथी हे तिचं घरचं नाव. तीन बहिणींच्या पाठीवर ती झाली तेव्हा कुणाकडे नाव तयारच नव्हतं. तीन नावं काढता काढता घर दमलं होतं. पुढे कागदोपत्री एक नाव लागलं, पण आई अजून फोनवर "चौथे" अशीच हाक मारते. मोठ्या तिघी वेळच्या वेळी शिकून, लग्नं करून, आपापल्या घरी स्थिरावल्या. ही शिकतच राहिली, आणि शिकून शिकून जाऊन बसली कुठे, तर बंद पडलेल्या यंत्रासमोर.

"ते यंत्र करतं काय?" आईने विचारलं होतं.

"सध्या काही नाही. बंद आहे."

"मग तू काय करतेस?"

"ते काही करतं का, ते बघते."

"आमचा मिक्सर महिनाभर असाच आहे," आई म्हणाली. "त्याच्यासमोर कुणी खुर्ची टाकून बसत नाही."

यंत्र म्हणजे जमिनीखालून गोल फिरलेला मैलोन् मैल लांबीचा बोगदा. त्यात कणांच्या दोन धारा समोरासमोर सोडतात, आणि त्या जिथे आदळतात तिथे गुहेत पाच मजली डिटेक्टर उभा आहे: लोखंड, पितळ, केबल्स, आणि काय काय उडालं ते टिपणारे लाखो डोळे. दुरुस्तीसाठी यंत्र सात आठवडे बंद होतं. धारा नाहीत, टक्कर नाही, काही उडत नाही. माणसं सुट्टीवर गेली होती. डिटेक्टरचे डोळे मात्र चौथीने उघडे ठेवायला लावले होते, कारण तिचं काम याच शांततेत होतं. सकाळी ती बसे, दुपारनंतर एक दाढीवाला सहकारी येई, आणि अधूनमधून दार न वाजवता गटप्रमुख बाई आत शिरत. त्यांना पाठीमागे सगळे आत्याबाई म्हणत. "प्रबंध कधी संपवतेस?" आणि "लग्न कधी करतेस?" हे दोन प्रश्न त्या एकाच पट्टीत विचारत, म्हणून.

आत्याबाईंनी तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. "यंत्र सुरू झालं की तुझी मुदत संपली. या सात आठवड्यांत काही हाती लागलं तर तीन वर्षं वाढवून मिळतील. नाही लागलं तर मला शब्द टाकता येणार नाही."

चौथीला इथेच राहायचं होतं. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. निदान लिफ्टचं दार उघडेपर्यंत तरी.

त्या मंगळवारी तिने पाणीवाल्याला नियम घालून दिला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो खाली जाणार. पोचल्यावर एक फोन, निघताना एक फोन. गुहेत मोबाइल लागत नाही. तिथे भिंतीवर एक जुना काळा फोन आहे, पेटीसारखा. त्याची तार डिटेक्टरच्या केबल्सना चिकटून जाते आणि फोन वाजला की नोंदींत कचरा येतो, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कंट्रोल रूममधली वही: फोन आला की वेळ लिहायची, आणि त्याच्या मागची-पुढची पाच मिनिटं नोंदींतून कापून टाकायची. साधं काम.

"कंट्रोल?" पहिल्या शुक्रवारी रिसीव्हरमधून आवाज आला.

"बोला, पाणी."

"पोचलो."

"बरं."

ठेवायला हवं होतं. दोघांनी ठेवलं नाही. मागे पंपांची घरघर होती, आणि तिच्या खाली आणखी एक बारीक आवाज... कुणीतरी फार हळू श्वास घ्यावा तसा.

"तुम्हाला धाप लागलीये का?" तिने विचारलं.

"नाही. मी तर श्वास धरून उभा आहे."

"का?"

"मला वाटलं तो तुमचा आवाज आहे. ऐकत होतो."

चौथीने फोन ठेवला, वेळ लिहिली, पाच मिनिटं कापली. आपल्या मानेवर काटा आलाय तो भीतीचा की दुसऱ्या कशाचा, याची नोंद करायला वहीत रकाना नव्हता.

पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये ती एकटी जेवत होती, तेव्हा तो समोर येऊन बसला. साठ खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याला नेमकी हीच सापडली.

"तुम्ही शोधता काय? मला माझ्या भाषेत सांगा."

"तुमची भाषा कुठली?"

"पाइप, व्हॉल्व्ह, गळती."

तिने टेबलावर मिठाच्या तीन चिमट्या ठेवल्या. "क्वार्क नावाचे कण असतात. सगळं जग त्यांचंच. त्यांच्या तीन पिढ्या माहीत आहेत. पहिली हलकी, तिच्यावर आपण चालतो-बोलतो. दुसरी जड. तिसरी फारच जड. आणि जड क्वार्क टिकत नाही. तो आपल्याहून हलक्या क्वार्कमध्ये मोडतो, उरलेली ऊर्जा दुसऱ्या एका कणाच्या रूपात फेकून देतो. तिसरीतला सगळ्यात जड तर जन्मतो न जन्मतो तोच मोडतो."

"आणि ही?" तिने बाजूला चौथी चिमूट ठेवली होती, तिच्याकडे त्याने बोट केलं.

"चौथी पिढी. असलीच तर. कुणी पाहिलेली नाही. बहुतेकांनी तर तिच्यावर फुलीच मारलीये. साधी, सरळ मोडणारी चौथी पिढी असती तर आत्तापर्यंत दिसली असती. माझ्याकडे उरलाय तो एक कोपरा."

"कुठला?"

"समजा, चौथीचं खालच्या तिघींशी नातंच फार कमी आहे. मग मोडून जायचं कुठे? जायला वाटच नाही. तर ती लगेच मोडणार नाही. क्वार्क एकटा राहू शकत नाही, म्हणून सोबतीला एखाद्या हलक्याला धरेल, धडपडत डिटेक्टरच्या लोखंडात शिरेल, आणि तिथे अडकून बसेल. तास, दिवस, आठवडे. यंत्र बंद होईल, दिवे जातील, माणसं घरी जातील. आणि मग कधीतरी, अगदी सामसूम असताना... मोडेल. त्या क्षणी मी जागी असायला हवं."

पाणीवाल्याने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे आत्ता खाली लोखंडात कुणीतरी बसलेलं असू शकतं."

"असू शकतं."

"आणि मी त्याच्या शेजारी पाइप पुसतो."

"भीती वाटते?"

"आधीपासूनच वाटते," तो म्हणाला, आणि हसला नाही. "खाली उभं राहिलं की वाटतं, कुणीतरी आपल्याकडे पाठ करून उभं आहे आणि वळायच्या बेतात आहे. मग मी काहीतरी मोठ्याने बोलतो."

"काय बोलता?"

"ते... पाइपांशी बोलतो. खासगी असतं." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही सगळं मीठ सांडलंत. आता माझ्या जेवणात काय घालू?"

पहिली घटना त्याच आठवड्यात, शुक्रवारी दिसली. दहा बावन्न. काळ्या पडद्यावर डिटेक्टरचा आराखडा राखाडी रेघांत झोपलेला असे. दिवसचे दिवस त्यात काही हलत नसे. आणि तळाशी, डाव्या कोपऱ्यात, एक लाल ठिपका पेटला. मोठा. पडद्यावर एक क्षण राहिला आणि गेला, झोपेत कुणी डोळा उघडून मिटावा तसा.

चौथी खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली. आकाशातून येणारा कण असता तर बाहेरच्या थरांत आत शिरल्याची आणि बाहेर गेल्याची रेघ उमटली असती. रेघ नव्हती. फोन? वहीत पाहिलं. पोचल्याचा फोन दहा दहाला आला होता, निघाल्याचा अकरा वीसला येणार होता. मधे काही नाही. नोंद स्वच्छ.

दुसरी घटना मंगळवारी, पाठोपाठ तिसरी शुक्रवारी. पाचव्या आठवड्यापर्यंत नऊ झाल्या. त्यातली नववी सगळ्यांत तेजस्वी, दुप्पट ऊर्जेची. सहाव्यातल्या मंगळवारी अकरा. भटक्या कारणांनी फार तर एखादी दिसावी असा अंदाज होता. दिसल्या अकरा, आणि सगळ्या त्याच कोपऱ्यात.

आत्याबाई दार न वाजवता आल्या, पडद्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाल्या, "शुक्रवारी तीनला गटासमोर मांड. तीन वर्षांचं मी बघते." दारातून वळल्या. "लग्नाचं नंतर बघू."

एवढा आनंद झाल्यावर माणसाने झोपायला हवं. चौथीला झोप येईना. डोळे मिटले की तो कोपरा दिसायचा. लोखंडात अडकलेलं काही मोडायचंच असेल तर ते पाच मजल्यांत कुठेही मोडेल. एकाच जागी अकरा वेळा कसं? हा प्रश्न तिला पाचव्या घटनेपासून माहीत होता. तिने तो नीट घडी घालून ठेवून दिला होता, आपण सगळेच ठेवतो तसा.

गुरुवारी दुपारी शेवटचा तक्ता करताना ती घडी उलगडली. अकरा ओळी, अकरा वेळा, अकरा वार. शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार, शुक्रवार... सोमवार एकही नाही. रविवार नाही. सगळ्या सव्वादहा ते सव्वाअकराच्या दरम्यान.

निसर्गाला मंगळवार कळत नाही.

मंगळवार कळतो तो पाणीवाल्याला.

तिच्या मनात आधी आलं ते शहाण्या माणसाच्या मनात येऊ नये असं: तो खाली जातो तेव्हाच ते जागं होतं. जे काही पाठ करून उभं आहे, ते त्याच्याकडे वळतं. अकरा वेळा वळलं. उद्या तो पुन्हा खाली जाणार होता.

शुक्रवारी सकाळी ती लिफ्टच्या दारातच उभी राहिली. धुकं आता इमारतीच्या आत, कॉरिडॉरमध्येसुद्धा आल्यासारखं वाटत होतं.

"आज खाली जाऊ नका," ती म्हणाली.

"पाणी तुंबेल."

"खाली तुम्ही नक्की कुठे उभे असता?"

"शेवटचा व्हॉल्व्ह तळाशी आहे. डाव्या कोपऱ्यात. का?"

"तिथे काय काय आहे?"

"पाइप. एक स्टूल. फोन."

"फोन किती वेळा करता?"

"दोनदा. तुमचाच नियम आहे."

"मधे कधी केलात? वहीत लिहायचा राहिलेला?"

"नाही. शपथेवर नाही." तो पटकन बोलला आणि नको तितका पटकन हेल्मेटचा पट्टा बघू लागला. कान लाल.

आता चौथी माणसं ओळखण्यात काही फार हुशार नव्हती. पण रंग बदलला की नोंद करायची हीच तिची नोकरी होती.

"केला नाहीत," ती हळूच म्हणाली. "पण... उचललात?"

लिफ्टचं दार बंद व्हायला आलं, त्याच्या खांद्याला लागलं, आणि माफी मागितल्यासारखं पुन्हा उघडलं.

"तुम्हाला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"मला कुठे कळलं होतं? आत्ता तुम्हीच सांगितलंत."

कुणी रिसीव्हर उचलतं, नंबर फिरवत नाही, आणि परत ठेवतं, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. फोन वाजला तर वहीत चढतो. न वाजलेल्या फोनची वही नसते. तार मात्र उचलल्याच्या क्षणी थरथरते, आणि शेजारची केबल ते थरथरणं इमानदारीने वर पाठवते.

"जा खाली," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पोचल्याचा फोन करा. मग दहा मिनिटं थांबा, आणि मग... जे करता ते करा."

तो गेला. फोन आला, "पोचलो," "बरं." दहा मिनिटं. पडदा काळा, राखाडी, निजलेला. चौथीने मनात म्हटलं, काही दिसू नये. देवा, काही दिसू नये, माझी तीन वर्षं... आणि त्याच दमात, दिसावं, असंही म्हटलं. दोन्ही मागण्या एकाच वेळी गेल्यामुळे वर गोंधळ झाला असणार.

डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका पेटला. गेला.

पुन्हा पेटला. या वेळी फोन वाजला.

"दिसलं?" त्याने विचारलं.

"दिसलं."

"किती दिवसांपासून दिसतंय?"

"अकरा वेळा." तिने तक्ता पुढे ओढला. तीनला तो गटासमोर मांडायचा होता. आता तो कागद कशाचाच पुरावा नव्हता. नाही, कशाचा तरी होता. "घटना एक. दुसरा आठवडा, शुक्रवार, दहा बावन्न. काय म्हणायचं होतं?"

"आत्ता? असं फोनवर?"

"मला कारण लिहावं लागेल."

पंपांची घरघर. मग तो खाकरला. "कॅन्टीनमधलं कॉफीचं मशीन दुरुस्त झालं होतं. येता का, असं विचारायचं होतं."

"मग?"

"वाटलं, तुम्ही जगाचं मूळ शोधताय, आणि मी कॉफीचं काय घेऊन बसलो."

"घटना दोन."

"तेच. कॉफी."

"तीन?"

"तीनपर्यंत मशीन परत बिघडलं होतं. बिघडलंय असं सांगणार होतो."

चौथी हसली, आणि हसताना डोळे भरून आले, म्हणून तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, जसा काही त्याने फरक पडणार होता. "पाच. अकरा वाजून चार मिनिटं."

"त्या दिवशी खाली फार भीती वाटत होती. पाठीमागे कुणी आहे असं... तुमचा आवाज ऐकला तर जाईल असं वाटलं. मग वाटलं, आपण भितो हे हिला कशाला कळावं."

"सात."

"सातला काही नव्हतं. नुसतं उचलून कानाला लावलं. दुसऱ्या टोकाला तुम्ही बसलाय, एवढंच."

"नऊ सगळ्यांत मोठी आहे. ऊर्जा दुप्पट."

"लागोपाठ दोनदा उचलला. नंबरसुद्धा अर्धा फिरवला होता."

"आणि ठेवलास?"

तो थांबला. "ठेवलास" त्यालाही ऐकू गेलं होतं. शंभर मीटर खडकातून ते एक अक्षर खाली पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढा तो गप्प राहिला.

"नऊला सांगायचं होतं," तो म्हणाला, "की यंत्र सुरू झालं की मला खाली जायचं कारण उरणार नाही. फोन करायचंही नाही. आणि मला ते... चालणार नाही. मला तू आवडतेस. हे पाइपांना सांगून झालंय. सहा आठवडे सांगतोय. ते काही बोलत नाहीत."

चौथीने पडद्याकडे पाहिलं. बारावा आणि तेरावा ठिपका आकडेवारीत जाऊन बसले होते. फोन चालू होता, वहीत वेळ लिहायची राहिली होती.

"वर ये," ती म्हणाली. "पण एक सांग. ही श्वासासारखी घरघर... अजून येतेय."

"मी आत्ता श्वास धरलेला नाही," तो म्हणाला. "तू?"

"मी धरलाय."

दोघंही क्षणभर ऐकत राहिले. मग त्याने फोन ठेवला, आणि लिफ्टच्या दिशेने तो चालत आला की पळत, हे त्याने आजवर सांगितलेलं नाही.

तीन वाजता वीस माणसं पडद्यांवरून आणि चार माणसं खुर्च्यांवरून तिच्याकडे बघत होती. चौथीने अकरा ओळी दाखवल्या, मग सकाळच्या दोन. शेजारी शेजारी ठेवल्या. जुळ्या भावंडांसारख्या.

"म्हणजे सगळ्या अकरा रद्द?" दाढीवाल्याने विचारलं.

"सगळ्या."

आत्याबाई चष्मा काढून पुसत होत्या. "तुला कळतंय का तू काय खोडते आहेस?"

"हो. तीन वर्षं."

"गप्प बसली असतीस तर आणखी सहा महिने कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं."

आत्याबाईंनी चष्मा चढवला. "पुढच्यांसाठी नोंद हवी. रिसीव्हर उचलून न बोलता खाली ठेवण्याचं तांत्रिक कारण काय?"

खुर्च्यांवरची आणि पडद्यांवरची चोवीस माणसं तिच्याकडे बघत होती. दाराशी हेल्मेट हातात घेऊन एक पंचविसावा उभा होता, ज्याचं नाव बैठकीच्या यादीत नव्हतं.

"संकोच," चौथी म्हणाली.

अहवालात पुढे "मानवी कारण" असं छापलं गेलं. मूळ मसुद्यात आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने "संकोच" लिहिलं होतं, आणि त्याखाली रेघ ओढली होती. बैठकीनंतर त्या दाराशी थांबल्या, पाणीवाल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाल्या, "मोबाइल नंबर मागायचा ना रे, गाढवा. वर आल्यावर मागायचा." तीन वर्षांबद्दल त्या बोलल्या नाहीत. त्यांना शब्द टाकता येत नव्हता, आणि खोटा त्या टाकत नसत.

सातव्या आठवड्यात काळा फोन तारेसकट काढला. दुरुस्त्या संपल्या. गुहेच्या प्रत्येक मजल्यावर माणसं फिरली, कुणी आत राहिलेलं नाही याची खात्री झाली, आणि दाराला कुलूप लागलं. दुपारी चारला धारा सुटणार होत्या. बाराला चौथीची शेवटची पाळी संपणार होती. तिची पेटी कॉरिडॉरमध्ये भरून उभी होती. तीन तासांच्या अंतरावरच्या एका लहान प्रयोगशाळेत तिला सहा महिन्यांचं काम मिळालं होतं.

"तिथे कूलिंग आहे का?" पाणीवाल्याने विचारलं. तो आज पाळीवर नव्हता, तरी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता.

"एक जुना पंखा आहे म्हणे."

"मग त्यांना माणूस लागेल."

"पंख्याला?"

"पंख्याला पाणी लागत नाही हे त्यांना समजावून सांगायला. सहा महिने तरी जातील."

ती हसली. बाहेर धुक्यात काहीच दिसत नव्हतं. इमारत, रस्ता, जग, सगळं कुणीतरी पुसून ठेवलं होतं. खोलीत फक्त पंख्यांची कुजबुज आणि पडदा. तिचा हात माऊसवर नव्हता. त्याचाही कुठल्या पान्यावर नव्हता.

अकरा सदतीस.

पडद्याच्या मधोमध, डावा कोपरा सोडून अगदी दुसरीकडे, लोखंडाच्या पोटात खोल, एक लाल ठिपका पेटला. या आधीच्या सगळ्यांपेक्षा शांत. तो लगेच गेला नाही. मोडून दोन झाला, त्यातल्या एकाचे आणखी दोन झाले, आणि मग हळूहळू सगळं काळोखात उतरून गेलं.

चौथीने डाव्या हाताने, अडखळत, एकेक यादी उघडून पाहिली. बाहेरच्या थरांत रेघ नाही. विजेचा गोंधळ नाही. गुहा कुलूपबंद, फोन उपटलेला. एक घटना म्हणजे काहीच नसतं, एखादी दिसायचीच. हे ती स्वतःच शंभरदा शिकवत आली होती.

"मी नाही हं," पाणीवाला कुजबुजला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझे दोन्ही हात माझ्या हातात आहेत."

त्याने खाली पाहिलं. होते खरे. आणि मग तिला उमगलं की आपला उजवा हात मघापासून का मोकळा नाही.

तिने तो सोडवला नाही. डाव्याच हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, वहीत वेळ लिहिली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: माहीत नाही. दोघे साक्षीदार.